गेलंय की गप्प आहे?

जानेवारीतली सकाळ होती. बाहेरच्यांना वाटतं, नागपूरला फक्त मे महिनाच असतो. पण जानेवारीत पारा आठ-नऊवर उतरला की लॅबच्या ओट्यावरच्या कडप्प्याला हात लावताच बोटं आखडतात. मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. हातात सहा पेट्री प्लेटा होत्या आणि सहाही प्लेटांवर माझ्या शिगेलाच्या कॉलन्या, म्हणजे जंतूंच्या वाढीचे ठिपके, पांढऱ्याफटक उगवल्या होत्या.

त्या लाल यायला हव्या होत्या.

काँगो रेड हा मुळात सुती कापडासाठी निघालेला रंग. अगारात, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीत, तो थोडासा मिसळायचा आणि त्यावर शिगेला, म्हणजे रक्ती हगवणीचा जंतू, वाढवायचा. ज्याच्या अंगात रोग करण्याची ताकद जागी आहे तो रंग ओढून घेतो आणि त्याची कॉलनी कुंकवाच्या टिकलीसारखी लाल उगवते. ज्याची ताकद हरवली त्याची कॉलनी पांढरी. प्राणी लागत नाही, महागडं यंत्र लागत नाही, एक प्लेट आणि एक रात्र पुरते. पैशाची चणचण असलेल्या लॅबमध्ये शिकलेल्या आम्हा लोकांना म्हणूनच ही चाचणी फार जवळची.

गाइडांनी प्लेटा खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाले, "प्लाझमिड गेलं. होतं असं. हा स्ट्रेन आता कामाचा नाही, टाकून दे."

त्यांचं बोलणं वावगं नव्हतं. शिगेला रोग करतो तो मुख्यतः एका मोठ्या प्लाझमिडच्या जोरावर. मुख्य गुणसूत्राला सोडून असलेलं डीएनएचं हे वेगळं कडं, दोन लाखांहून जास्त अक्षरांचा ऐवज. लॅबमध्ये जंतूला पुन्हा पुन्हा वाढवत राहिलं की हे कडं किंवा त्याचा मोठा तुकडा गळून जातो. एकदा गेलं की परत येत नाही. त्या स्ट्रेनवर, म्हणजे जंतूच्या त्या वाणावर, माझे चार महिने गेले होते. मी प्लेटा उचलल्या आणि ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या यंत्राच्या, बादलीकडे निघाले.

वाटेत आमचे लॅब अटेंडंट काका उभे होते. त्यांनी प्लेटांकडे पाहिलं. "सगळ्याच पांढऱ्या झाल्या का, पोरी? काल त्या पोराच्या नळ्याही नीट गढूळ नव्हत्या झाल्या." मग इन्क्युबेटरचं दार उघडून त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसेच उभे राहिले, जसं कुणी तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवतं. "काटा सदतीसवर हाय, पण आत गरमच नाही लागून राहिलं. पाह्य बरं तू."

आम्ही पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून ती बाटली आत ठेवली. दोन तासांनी पारा पाहिला. तीस.

डायल सदतीस सांगत होता, कॉइल थकली होती, खोली गारठली होती, आणि आठवडाभर माझे जंतू तीस अंशांवर वाढत होते. दुपारी त्याच पांढऱ्या कॉलन्यांमधून लूपने थोडं थोडं उचलून नव्या प्लेटांवर रेघा ओढल्या आणि शेजारच्या विभागातल्या धडधाकट इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. सहाच्या सहा प्लेटा लाल.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. पण सूक्ष्मजीवशास्त्रात मी जे काही शिकले आणि पुढे शिकवलं, त्याचा धागा त्या दोन सकाळींपासूनच सुरू होतो. पांढरी कॉलनी दोन वेगळ्या गोष्टी सांगत असते. ताकद गेलेली असते, किंवा असते पण गप्प असते. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. फरक कळायचा तर त्या जंतूला पुन्हा उबेत ठेवून एक रात्र थांबावं लागतं.

अँथनी मॉरेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९८४ साली नीट मांडून दाखवलं होतं. ३७ अंशांवर वाढवलेला शिगेला पेशींमध्ये घुसतो, ३० अंशांवर वाढवलेला घुसत नाही, आणि तोच जंतू परत ३७वर आणला की काही तासांत पुन्हा घुसू लागतो. यामागचं कारण मला अजूनही हरखून टाकतं. प्लाझमिडवर सगळ्या ताकदीला हाक देणारं एक जनुक आहे, त्याचं नाव व्हिरएफ. त्याच्या सुरुवातीलाच डीएनएला एक वाक आहे. थंडीत तो वाक टिकून असतो आणि एच-एनएस नावाचं प्रथिन त्याला दोन्ही टोकांनी धरून बसतं, त्यामुळे जनुक वाचलंच जात नाही. साधारण ३२ अंशांच्या वर तो वाक सैल पडतो आणि प्रथिनाची पकड सुटते. व्हिरएफ बोलू लागतं, त्याच्या हाकेने पुढचं जनुक, त्याच्या हाकेने आणखी डझनावारी. डीएनए स्वतःच थर्मामीटर झालेला असतो, आणि तो आमच्या डायलसारखा खोटं सांगत नाही.

गप्प बसण्यात शहाणपण आहे. हे सगळं सामान बनवायला जंतूला खर्च येतो. नाल्यात किंवा माशीच्या पायावर त्याचा उपयोग नाही, तो माणसाच्या आतड्यातच. म्हणून सदतीस अंशांची ऊब हीच 'आत पोचलो' अशी खूण. पण हा खर्च इतका मोठा की जंतूला सतत ३७वर, आतड्याविना, नुसत्या खाऊपिऊ मिळणाऱ्या नळीत वाढवत ठेवलं तर प्लाझमिड टाकून दिलेले भाऊबंद जोमाने वाढतात आणि बाकीच्यांना मागे सारतात. म्हणजे ज्या उबेने ताकद जागी होते, त्याच उबेत ती कायमची गमावलीही जाते. गाइडांचं निदान आणि काकांचा हात, दोन्ही खऱ्या शक्यता होत्या. थर्मामीटर ठेवला नसता तर कोणती खरी ते कळलं नसतं.

आता नागपूरकराच्या मनात जे येईल ते माझ्याही आलं. सदतीस ही शरीराची खूण पॅरिसमध्ये ठीक. इथे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्याहून तापतं. उन्हाळ्यात आमच्या साध्या इन्क्युबेटरला करायला काही कामच नसतं. खोलीच बेचाळीसवर, त्याला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. तीस अंश हवे असतील तर बीओडी इन्क्युबेटर लागतो आणि तो मिळवायला विभागात रांग असते. मग इथल्या तापलेल्या टाकीत पडलेला जंतू फसणार नाही का? नाही फसत, कारण तो एका खुणेवर विसंबून राहत नाही. ऊब, ऑक्सिजन, मीठ, आम्लता, पित्त, लोह, शेजारी कोण आहे, हे सगळं तो एकत्र तोलतो. पॅरिसच्याच पाश्चर इन्स्टिट्यूटमधून २०१०मध्ये आलेलं शिगेलावरचं काम मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं. आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिथे शिगेला पेशीला टोचायच्या सुया लांब करून तयार ठेवतो, पण टोचत नाही. आतड्याच्या भिंतीच्या अगदी लगत, रक्तवाहिन्यांतून पाझरणाऱ्या ऑक्सिजनचा एक बारीक पट्टा असतो. त्या पट्ट्यात शिरला की त्याला कळतं की भिंत आली, आणि मग तो सुया चालवतो. अंधारात चाचपडत जाणाऱ्याला दाराच्या फटीतून येणारा वारा लागावा तसं.

साल्मोनेला, म्हणजे टायफॉइड आणि अन्नविषबाधा करणारा जंतू, त्याचंही असंच, फक्त उलट्या अंगाने. १९९०मध्ये कॅथरीन ली आणि स्टॅनली फाल्को यांनी दाखवलं की कमी ऑक्सिजनमध्ये वाढलेला साल्मोनेला पेशींमध्ये जास्त घुसतो, आणि भरपूर हवा खात वाढून थकलेला फारसा घुसत नाही. हे वाचलं तेव्हा मला आमच्याच खोलीतलं एक भांडण आठवलं. दोन विद्यार्थी, एकच स्ट्रेन, एकच मीडियम, एकच तापमान, आणि आकडे जुळता जुळेनात. दोघांनी एकमेकांवर हलगर्जीपणाचा आळ घेतला, बोलणं बंद झालं. शेवटी वहीतल्या वेळा शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा उलगडलं. एकाच्या फ्लास्कचा शेकर रात्री लोडशेडिंगमध्ये तीन तास थांबला होता. ते तीन तास जंतू हवेविना उभे राहिले होते. दोघांचे आकडे खरे होते, दोघांचे जंतू मात्र एक नव्हते.

तेव्हापासून कुणी माझ्याकडे निकाल घेऊन आलं की मी आधी विचारते, कुठे वाढवलं? कशात, किती वेळ, हलवून की उभं, झाकण घट्ट की सैल? विद्यार्थ्यांना सुरुवातीला हे प्रश्न जाचक वाटतात. आपण जंतूचं नाव घेतो तेव्हा बोलतो असे, जणू ते नाव म्हणजेच त्याचा स्वभाव. पण व्हिरुलन्स, म्हणजे रोग करण्याची ताकद, ही नावात बसलेली वस्तू नाही, ती त्या जंतूच्या मागच्या काही तासांची हकिकत असते.

टेट्राथायोनेट ब्रॉथची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. विष्ठेच्या नमुन्यात साल्मोनेला थोडे आणि बाकीचे जंतू उदंड, तेव्हा साल्मोनेलाला पुढे काढण्यासाठी हा ब्रॉथ वापरतात. १९२३ साली म्युलर यांनी तो बनवला. खडूची पूड असल्यामुळे तळाशी पांढरा गाळ बसतो, नळीत भरताना फ्लास्क सारखा फिरवत राहावा लागतो, नाहीतर पहिल्या नळीत नुसतं पाणी आणि शेवटच्या नळीत नुसता खडू. आयोडीन वापरायच्या दिवशीच घालायचं आणि घातल्यावर तापवायचं नाही. ते पडलं की दुधट पांढरं द्रावण क्षणात विटकरी होतं आणि हळूहळू निवळतं, कारण आयोडीन तिथल्या थायोसल्फेटचं टेट्राथायोनेट करून टाकतं. मी शेकडो वेळा हे केलं, विद्यार्थ्यांकडून करून घेतलं. साल्मोनेलाला ते चालतं आणि इतर बऱ्याच जणांना नाही, ही लॅबची एक सोय, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

आणि २०१०मध्ये कॅलिफोर्नियातल्या आंद्रेआस बॉयमलर यांच्या गटाने दाखवलं की हाच पदार्थ आपल्या आतड्यात बनतो. साल्मोनेला आतड्याला सूज आणतो, सूज आली की पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जंतू मारायला तिखट ऑक्सिजन सोडतात. तो ऑक्सिजन आतड्यात असलेल्या थायोसल्फेटचं टेट्राथायोनेट करतो. आणि हवेविना श्वास घ्यायला साल्मोनेलाला तेच हवं असतं. आतड्यात मुरलेल्या बाकीच्या वस्तीला ते वापरता येत नाही, म्हणून ती मागे पडते. शरीराने मारायला पेटवलेल्या आगीवर हा आपली भाकरी भाजतो. सत्त्याऐंशी वर्षं आम्ही नळीत जे घालत होतो ती सुजलेल्या आतड्याची नक्कल होती. तो पेपर मी वाचला ती संध्याकाळ मला आठवते. मी उठून लॅबमध्ये गेले आणि स्टँडमधली एक नळी उचलून हातात धरून बसले. तळाला खडू होता, वर फिकट पाणी.

साल्मोनेला अंतराळातही जाऊन आला. सप्टेंबर २००६मध्ये अटलांटिस यानातून नेऊन तिथे वाढवलेला, परत आणल्यावर उंदरांवर पाहिला तर पृथ्वीवरच्या जुळ्यापेक्षा जास्त घातक निघाला. भारहीन द्रवात जंतूभोवतीचं पाणी जवळजवळ ढवळलंच जात नाही, आणि आतड्याच्या केसाळ कोपऱ्यांतली स्थिती अशीच काहीशी असते. यावर लोक जास्त बोलतात, मला मात्र त्यापेक्षा कॉलऱ्याची गोष्ट जवळची आहे, कारण ती आमच्या घरातून जाते.

माझी आजी कन्हानच्या काठच्या गावातली. ती कॉलऱ्याला पटकीच म्हणायची. तिची थोरली मुलगी पटकीत गेली, सात वर्षांची होती. आजी त्याबद्दल फार बोलत नसे. मरीमायच्या ठाण्यावर नारळ फोडायला मात्र दर वर्षी जायची. एकदा उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर झोपताना, मी कॉलेजात जाऊ लागले होते तेव्हा, ती आपणहून सांगू लागली. गावात पटकी आली ती आठवडी बाजारातून. पहिला माणूस पडला तो बाहेरचं खाऊन-पिऊन. "पण मंग जे घरातले लोकं पडले ना, ते पटापट पडले. पयल्याले चार दिवस लागले, दुसऱ्याले एकच रात." मुलीचे कपडे तिने बाजूला बोळीत ठेवले होते, सकाळी नदीवर नेऊन धुवायला. रात्रीतून तिची जाऊ पडली. ती वाचली. त्यानंतर आयुष्यभर घरात कुणाला ढाळ लागले की आजी रात्री बारा वाजता का असेना, चूल पेटवून पाणी तापवायची आणि ते कपडे राखेच्या उकळत्या पाण्यात बुडवायची. सकाळपर्यंत थांबायची नाही. आम्हाला तो तिचा हट्ट वाटायचा.

पटकीच्या जंतूचा इतिहासही कुठे वाढवलं आणि कुठे पाहिलं याचाच आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८४मध्ये कोलकात्यात तो जंतू रोग्यांमध्ये पाहिला आणि तो विष सोडत असावा असंही म्हटलं. ते विष हाती लागायला पंच्याहत्तर वर्षं गेली. लोक प्राण्यांना इतरत्र टोचून शोधत राहिले. १९५९मध्ये कोलकात्यातल्याच शंभुनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेलं नुसतं द्रावण सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडलं, आणि तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. जंतू नाही, फक्त त्याने सोडलेलं, आणि तेही आतड्यातच. पुढे १९६१पासून एल टोर जातीची साथ जगभर पसरली तेव्हा नवीनच पेच आला. माणसाला लोळवणारे हे जंतू फ्लास्कमध्ये वाढवले की विष जेमतेम बनवत. जपानमध्ये इवानागा यांनी १९८६मध्ये त्यावर उपाय काढला, काही तास उभ्या नळीत गपचूप आणि मग हलवत. तेव्हा कुठे ते बोलते झाले.

आणि २००२मध्ये ढाक्याच्या रोग्यांवरून आलेलं ते काम. रोग्याच्या विष्ठेतून नुकताच बाहेर पडलेला कॉलऱ्याचा जंतू आणि तोच लॅबमध्ये वाढवलेला जंतू, दोघांना उंदरांच्या पिल्लांच्या आतड्यात समोरासमोर उभं केलं. विष्ठेतला ताजा जंतू जवळपास सातशे पटीपर्यंत सरस ठरला. तळ्याच्या पाण्यात टाकल्यावरही ही ताकद किमान पाच तास टिकली. माणसाच्या आतड्यातून जाताना जंतू पुढच्या आतड्यासाठी तयार होऊन निघतो. फ्लास्कमधल्या जंतूवर मोजून आपण म्हणत आलो होतो की कॉलरा व्हायला फार मोठी संख्या पोटात जावी लागते. ते खोटं नव्हतं, पण ते फ्लास्कमधल्या जंतूबद्दल खरं होतं. घरात, एकाच्या हातून दुसऱ्याच्या भाकरीवर जाणारा जंतू वेगळा.

हा पेपर वाचताना मला बोळी दिसली. रात्रभर तशीच ठेवलेली. आजी तोवर गेली होती. मला तिला सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं की तिचा हट्ट तासांच्या हिशेबाने बरोबर होता. आणि मुलीच्या वेळी तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणालाच ठाऊक नव्हतं, हेही.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. माझ्या बहिणीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. ओसरल्यावर सगळीकडे तो काळपट, चिकट गाळ. आम्ही तिथे चार दिवस होतो. लोक येऊन विचारत, पाणी तपासून द्या. माझ्याकडे एच-टू-एसच्या बाटल्या होत्या, त्यांत पाणी भरून ठेवलं, बहुतेक काळ्या पडल्या. पण काळी बाटली एवढंच सांगते की पाण्यात घाण मिसळली आहे. कुणाच्या आतड्यातून, किती तासांपूर्वी, ते ती सांगत नाही. पाणी उकळा, क्लोरीन टाका, हे महापालिकेच्या गाड्या सांगतच होत्या. मी दारोदार वेगळं सांगत होते. घरात कुणाला ढाळ लागले तर त्याचे कपडे, चादर आत्ताच, अर्ध्या तासात, ब्लीचिंगच्या पाण्यात. उद्या नाही. शेजारच्या एक काकू वैतागून म्हणाल्या, "अवं बाई, आधी घर तर कोरडं होऊ द्या!" त्यांचं बरोबर होतं, त्यांच्या गाद्या रस्त्यावर पडल्या होत्या. तरी मी त्यांच्या नातवाचे कपडे त्यांच्याच बादलीत भिजवून निघाले.

या जानेवारीत माझी एक विद्यार्थिनी काँगो रेडच्या प्लेटा घेऊन आली. आठपैकी पाच लाल, तीन पांढऱ्या. तिचा चेहरा उतरलेला. "मॅडम, प्लाझमिड गेलं वाटते. टाकून देऊ का?"

आम्ही दोघींनी वही उघडली. तीन पांढऱ्या प्लेटा खालच्या शेल्फवरच्या होत्या, दाराजवळच्या. मी तिला पाण्याची बाटली आणि थर्मामीटर आणायला सांगितलं. वरच्या शेल्फवर एक, खालच्या शेल्फवर एक. मग तिने त्या तिन्ही प्लेटांवरून एकेक पांढरी कॉलनी उचलली, नव्या प्लेटांवर रेघा ओढल्या, मागे मार्करने तारीख, शेल्फ आणि वेळ लिहिली. संध्याकाळचे साडेपाच झाले होते. वरच्या शेल्फवर जागा करून तिने प्लेटा उलट्या ठेवल्या, दार लावलं, आणि लावल्यावर पुन्हा उघडून कोपरापर्यंत हात आत घालून पाहिला.